करंगळी

ता. ९ जुलै

चि. धाकटीस, अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. दवाखान्यातल्या रात्रपाळ्या एकदाच्या संपल्या हे वाचून बरं वाटलं. माझी तब्येत विचारतेस तर ऐक. तब्येत ठणठणीत आहे, डोकं मात्र फिरलंय, आणि ते इतक्यात जागेवर यावं अशी माझी इच्छाही नाही.

आपल्या मधल्याचा कायदा लागू झाला. 'एक वर्ग, एक शिक्षक' म्हणे! नाव काय गोड ठेवलंय बघ, जसं काही प्रत्येक पोराला एकेक शिक्षक वाटून देणार आहेत. खरा प्रकार असा की छोट्या सरकारी शाळांना कुलूप ठोकायचं, पोरं उचलून केंद्रशाळेत कोंबायची आणि एका इयत्तेला एकच शिक्षक द्यायचा, मग समोर पोरं कितीही असोत. जे शिक्षक उरले ते 'अतिरिक्त'. तर तुझी थोरली बहीण अतिरिक्त झाली आहे. जन्मभर पहिलीच्या पोरांना हात धरून गिरवायला शिकवलं, आणि आता शिक्षण कार्यालयात जिन्याखालच्या बाकावर बसते. सकाळी सही, संध्याकाळी सही, मधे नुसतं बसणं. बाकावर आम्ही सातआठ जण आहोत. लेखी आदेश नसेल तर वर्गात पाऊल टाकायचं नाही. घोषणा द्यायच्या नाहीत, फलक धरायचा नाही, वर्तमानपत्राशी बोलायचं नाही. आणि वाचायला म्हणून प्रत्येकाला काय दिलंय माहीत आहे? त्याच कायद्याची प्रत! मी लाल पेन घेऊन त्यातलं शुद्धलेखन तपासून काढलं. ऱ्हस्व-दीर्घाचा नुसता चिखल. समितीचे अध्यक्ष म्हणून खाली सही आपल्याच भावाची.

हे सगळं मी गिळलं असतं गं. पण परवा चिमणीची आई कार्यालयात येऊन माझ्यासमोर उभी राहिली. चिमणी म्हणजे माझ्या पहिलीतली ती पिटुकली, जी बोलताना स्वतःच्या वेणीचं टोक चावते. केंद्रशाळेत तिच्या वर्गात नव्वदच्या घरात पोरं आहेत. तिला शेवटच्या ओळीत बसवलं. तिला लघवीला जायचं होतं, तिने आपली करंगळी वर केली. आपण शिकवलंय तशी, शहाण्यासारखी, न ओरडता. वर्गावरच्या बाईंचा ओरडून ओरडून घसा बसलेला, समोर पोरांचा डोंगर, त्यांना शेवटच्या ओळीतलं ते बोट दिसणार कसं? पोर बराच वेळ हात वर करून बसली. मग व्हायचं ते झालं. सगळा वर्ग हसला, आणि चिमणीने त्या दिवसापासून शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आई म्हणाली की आता ती घरीसुद्धा विचारून जाते आणि जाताना रडते.

चिमणीच्या वर्गात मला पाऊल टाकता येत नाही. मी अतिरिक्त. पण मी ठरवलंय, मधल्याला मी सोडणार नाही. त्याची अशी जिरवीन की करंगळी दिसली तरी त्याला घाम फुटेल. कायद्यात मला एक कलम सापडलंय. शिक्षक कमी पडले तर मान्यवरांनी येऊन वर्ग घ्यावा असं त्याने मोठ्या हौसेने घातलंय. मान्यवराने हजेरीपटावर सही केली की तोच त्या वर्गाचा शिक्षक, आणि दुसरा शिक्षक रुजू होईपर्यंत त्याने वर्ग सोडायचा नाही. सोडला तर 'वर्ग वाऱ्यावर सोडला' अशा शब्दांत त्याचं नाव वर्षभर शाळेच्या दाराशी फळ्यावर. सभागृहात हे कलम वाचताना तो म्हणाला होता की शिक्षकांना तास सोडून चहाला पळायची खोड आहे, ती मोडलीच पाहिजे. बघूया आता कुणाची खोड मोडते ते.

औषधं वेळेवर घेत जा. तुझ्याशी बोलल्यावर माझं रक्त थोडं निवतं, म्हणून लिहीत राहा.

तुझी,
थोरली

ता. १७ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून अंगावर काटा आला. चिमणीचं वाचून रडले आणि तुझा बेत वाचून फिसकन हसले, आणि हे दोन्ही वॉर्डात, रुग्णांच्या देखत. शेजारच्या परिचारिकेला वाटलं माझंच काहीतरी बिनसलंय.

ताई, तुझा राग मला पटतो, पण तुझी भीतीही वाटते. लहानपणी तू एकदा माझी बाहुली फोडणाऱ्या शेजारणीशी वर्षभर अबोला धरला होतास, आणि ती बिचारी तेव्हा जेमतेम दुसरीत होती. दादा कसाही असला तरी आपला आहे. गेल्या महिन्यात तो इथे तपासून घ्यायला आला होता. रक्तदाब वाढलाय. डॉक्टरांनी सकाळी घ्यायची गोळी दिली आहे, आणि ती घेतली की माणसाला सारखं उठावं लागतं. मलाच त्याला समजवावं लागलं की साहेब, सकाळच्या बैठका जरा दाराजवळ बसून घ्या. केवढा चिडला! आता हे मी तुला सहज सांगितलं हं. तू याचा काही भलता उपयोग करशील तर माझ्या गळ्याला फास. आणि तू करणार हे मला लिहिता लिहिताच कळलंय, पण शाईने लिहिलेलं आता खोडत नाही.

एवढंच कर, त्याला काही इजा होऊ देऊ नकोस. बाकी तू आणि तुझं लाल पेन. माया आहे ती अशीच राहू दे.

तुझी,
धाकटी

ता. २४ जुलै

चि. मधल्यास, अ. उ. आ.

वर्तमानपत्रात तुझा फोटो पाहिला. जाकीट शोभतंय. कायदा मंजूर करून घेतलास, अभिनंदन. मला बाकावर बसवलंस म्हणून मी रुसले असेन असं तुला वाटत असेल, तर तसं काही नाही. इतक्या वर्षांनी पाठ टेकायला मिळाली.

पण बाबा रे, लोक काहीबाही बोलतात. म्हणतात की अध्यक्षांनी खडूसुद्धा हातात धरलेला नाही, आणि नव्वद पोरं एका माणसाला सांभाळायला सांगतात. मला ऐकवत नाही. तू एकदा ये आणि केंद्रशाळेच्या पहिलीवर एक तास घेऊन दाखव. वर्तमानपत्रवाल्यांना बोलाव. सकाळी लवकर ये, पोरं ताजी असतात. वर्गावरच्या बाईंना घशासाठी डॉक्टरकडे जायचंच आहे, त्या दिवशी त्या रजा घेतील, म्हणजे तुझ्या कायद्याप्रमाणे वर्गात शिक्षक एकटा तूच. कुणी म्हणायला नको की मागून कुणीतरी सांभाळलं. मी सुट्टी काढून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसेन, आत काही यायची नाही. भावाचं कौतुक बाहेरूनही दिसतं.

गोळ्या वेळेवर घेत जा. विशेषतः सकाळची चुकवू नकोस. आठवण ठेवतोस तशीच ठेव.

तुझी,
थोरली

ता. ३० जुलै

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र मिळालं. खरं सांगू, एवढा समजूतदारपणा तुझ्याकडून अपेक्षित नव्हता. मी समितीतही म्हणालो की प्रत्यक्ष माझी बहीण अतिरिक्त ठरली, पण तिने हू की चू केलं नाही, याला म्हणतात त्याग.

कल्पना उत्तम आहे. येत्या आठ तारखेला येतो. दहा मिनिटं पोरांना काहीतरी सांगेन, फोटो होतील, आणि तिथूनच दुपारी पक्षाच्या बैठकीला जाईन. नवा शिक्षणमंत्री ठरायचा आहे, बाकी तू समजून घे. पोरं म्हणजे काय, थोडा वचक आणि थोडा खाऊ. तुम्ही शिक्षकांनी उगाच बाऊ करून ठेवलाय. चहा तेवढा चांगला सांगून ठेव, शाळेतला चहा म्हणजे पेल्यातलं गरम पाणी असतं.

जिव्हाळा कायम असू दे.

तुझा,
मधला

ता. १० ऑगस्ट

चि. धाकटीस, अ. उ. आ.

झालं! उट्टं निघालं! सविस्तर लिहिते, चहाचा कप जवळ घेऊन बस, पण तू पी, त्याला आता चहा नको असेल.

स्वारी सकाळी आली. मागे दोन छायाचित्रकार, एक बातमीदार आणि पिशव्या धरणारी दोन माणसं. मुख्याध्यापकांनी हजेरीपट पुढे केला. कायद्याप्रमाणे सही हवी म्हणाले. मधल्याने ऐटीत, शेपूट ओढून सही ठोकली आणि फोटोसाठी थांबला. चहा मी स्वतः करून ठेवला होता. दोन पेले प्यायला, वर कौतुकही केलं. तू मारे घाबरतेस, पण मी चहात साखरेशिवाय काही घातलं नव्हतं. गोळी घेतलीस ना, एवढं मात्र विचारलं. घेतली म्हणाला.

आत गेला तेव्हा वर्ग चिडीचूप. दहा मिनिटं स्वच्छतेवर बोलला, टाळ्या झाल्या, फोटो झाले, आणि साहेब दाराकडे निघाले. तेवढ्यात मुख्याध्यापक उंबरठ्यावर उभे राहिले. गरीब माणूस, आवाजही वर चढत नाही. ते म्हणाले की साहेब, दुसरा शिक्षक रुजू झाल्याशिवाय आपल्याला वर्ग सोडता येणार नाही, आणि प्रत्येक इयत्तेला एकच शिक्षक असल्यामुळे दुसरा शिक्षक या इमारतीत नाही. मधला हसला. त्याला ती थट्टा वाटली. मग त्याने बातमीदाराकडे पाहिलं, तर तो भराभर लिहून घेत होता. तेव्हा हसू ओसरलं. पिशवीवाल्यांपैकी एकाने मीच थांबतो म्हणून पाहिलं, पण मान्यवराला समितीची आधी मंजुरी लागते. हेही कलम त्याचंच.

मग सुरू झाली मजा. पोरांचा गप्प बसण्याचा साठा संपला. एकाने दुसऱ्याची पाटी पुसली, त्याने याच्या पाठीत गुद्दा घातला. एक पोर बाकाखाली शिरलं ते बाहेरच येईना. खाऊ वाटायला घेतला तर निम्म्या वर्गाला पुरला आणि उरलेल्या निम्म्याने भोकाड पसरलं. मधला ओरडला, फळ्यावर छडी आपटली, हात जोडले, गोष्ट सांगायला गेला आणि मधेच विसरला. आवाज बसला. जाकीट काढलं. एका पोरीने त्याला विचारलं म्हणे की तुम्ही नवीन आहात का. अगं, मी व्हरांड्यात बसून लोकर विणत होते, एक टाका चुकला नाही माझा!

आणि मग मला ते दिसलं. एका पायावरून दुसऱ्या पायावर. खुर्चीवर बसला, उठला, परत बसला. कपाळावर घाम. वर्गात तोवर ठिकठिकाणी करंगळ्या वर झाल्या होत्या, पुढे, मागे, खिडकीशी. त्याला एक दिसत होती तर चार दिसत नव्हत्या. शेवटी तो मागच्या खिडकीशी, माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला की ताई, मला जायचंय. मी म्हटलं की नीट ऐकू येत नाही, वर्गात काही हवं असेल तर काय करायचं असतं ते पहिलीच्या पोरांनाही माहीत असतं. त्याने माझ्याकडे जे पाहिलं ना धाकटे, ते मी मरेपर्यंत विसरायची नाही. आणि त्याने करंगळी वर केली. शिक्षण समितीच्या अध्यक्षांनी, नव्वद पोरांच्या देखत, अतिरिक्त बाईला. खटकन फोटो निघाला.

मी म्हटलं की जा म्हणायचा अधिकार मला नाही, मी बाकावरची. माझ्यासकट बाकावरच्या सगळ्यांना या शाळेत जादा तुकड्यांवर नेमल्याचा खास आदेश असेल तर गोष्ट वेगळी. अध्यक्षाच्या एकट्याच्या सहीने तो निघतो, आणि एकदा निघाला की वर्ष संपेपर्यंत रद्द होत नाही, शिक्षकांनी मधेच बदल्यांसाठी खेटे घालू नयेत म्हणून. कागद मी आणलाच होता. त्याने माझ्या नावापुरती सही करायची घासाघीस करून पाहिली. मी विणायला लागले. मग त्याने खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून, पाय आवळून, सही केली. मी आत गेले, हजेरीपटावर सही केली आणि मगच त्याला जा म्हटलं. कसा पळाला! बैठकीला पोचला तोवर मंत्री ठरून गेला होता.

त्यानंतर मी ओळीओळीने पोरांना बाहेर सोडलं. बराच वेळ लागला. आता पहिलीच्या तीन तुकड्या झाल्या आहेत, एक माझी.

तू माझ्यावर रागावशील तर रागव, पण पत्र टाकत राहा.

तुझी,
थोरली

ता. २६ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

रागावू कशी? वाचताना पोट धरून हसले. पण आता हसू पळालंय, म्हणून घाईने लिहितेय.

परवा दादा आमच्या दवाखान्यात नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आला होता. समोर पंधरा-वीस शिक्षक बसलेले, सगळे अतिरिक्त. दादा बोलायला उभा राहिला आणि त्या सगळ्यांनी एक शब्द न काढता करंगळी वर केली. घोषणा नाही, फलक नाही, कलम कुठलं लावणार? वर्गातला त्याचा तो फोटो गावोगाव पोचलाय ताई. दादा जिथे जातो तिथे बोटं वर होतात. रस्त्यात शाळकरी पोरं त्याच्या गाडीला करंगळी दाखवून ओरडतात की जा, जा. परवा त्याला भाषण पुरं करता आलं नाही. नंतर माझ्या खोलीत येऊन बसला, पाणीसुद्धा प्याला नाही. म्हणाला की ताईने असं करायला नको होतं, निदान ताईने तरी. मी कारण विचारलं तर सांगेना.

तुझा बदला पुरा झाला असेल तर आता त्या शिक्षकांना आवर, एवढंच मागते. तुम्हा दोघांच्या मधे माझं सँडविच होऊ देऊ नका.

तुझी,
धाकटी

ता. ३ सप्टेंबर

ती. ताईस, नमस्कार.

बरेच दिवस लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तू जिंकलीस. मंत्रीपद गेलं, अब्रू गेली. विरोधकांनी केलं असतं तर मी समजून घेतलं असतं.

तुला आठवतं की नाही कोण जाणे. मी पहिलीत होतो, तू चौथीत. मास्तर जाऊ देत नव्हते आणि माझी चड्डी ओली झाली होती. तू पाण्याचा तांब्या घेऊन वर्गात शिरलीस, सगळ्यांसमोर माझ्या अंगावर ओतलास आणि मी तुझी पेन्सिल चोरली म्हणून आरडाओरडा केलास. मास्तरांनी तुला दुपारभर अंगठे धरून उभं केलं. कुणाला काही कळलं नाही, आजतागायत नाही. मी ते कधी बोललो नाही, पण विसरलोही नाही. म्हणून खिडकीशी आलो तेव्हा मला वाटलं होतं की तू काहीतरी करशील. तू विणत बसलीस.



मधला

ता. ९ सप्टेंबर

चि. मधल्यास, अ. उ. आ.

आठवतं. अंगठे अजून आठवतात.

तुला वाटतं मी नुसती विणत बसले होते. तू नीट पाहिलं नाहीस, वर्गात पाहायची सवय नाही ना तुला. माझ्या खुर्चीच्या पायाशी भरलेला तांब्या होता. सकाळीच भरून ठेवला होता, तुझ्यासाठी. तुझी फजिती करायची होती, अगदी चारचौघांत करायची होती, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण ओल्या कपड्यांनी मी तुला त्या वर्गातून बाहेर येऊ दिलं नसतं. तू वेळेत करंगळी वर केलीस आणि मी ती पाहिली, म्हणून तांब्या तसाच राहिला.

आता मी सांगते ते ऐक. माझ्या शाळेतली एक पोर आहे, चिमणी. तिनेही वेळेतच करंगळी वर केली होती. तुझ्या कायद्याने तिच्यासमोर नव्वद डोकी आणि एक घसा बसलेली बाई ठेवली होती. तिला कुणी जा म्हटलं नाही आणि तिच्यासाठी कुणी तांब्या भरून ठेवला नव्हता. मी, जी तो भरून ठेवते, ती जिन्याखाली बाकावर होते. तिथे तू मला बसवलं होतंस. मंत्रीपद गेल्याचं दुःख तू मला सांगू नकोस, मी ते ऐकून घेणार नाही.

मी स्वतः तिच्या घरी चार वेळा गेले. सोमवारी ती आली. दाराजवळच्या पहिल्या बाकावर बसवलंय. पहिल्या तासाला तिने सहा वेळा करंगळी वर केली, जायचं नसतानाही. नुसतं दिसते का ते पाहायला. मी सहाही वेळा जा म्हटलं.

धाकटी म्हणते शिक्षकांना आवर. मी आवरणार नाही. इतर गावांतल्या बाकांवर अजून माणसं बसलेली आहेत आणि त्यांच्या वर्गांत अजून नव्वद पोरं आहेत. त्यांनी बोटं वर केली आहेत, शहाण्यासारखी, न ओरडता. आता वर्गावर तू आहेस. कायदा बदल आणि त्यांना जा म्हण.

तोवर मी तुझ्यावर रागावलेली आहे, आणि तुझी बहीणही आहे. दोन्ही सांभाळून घे.

तुझी,
थोरली